हायवे ६१ वरचा ब्लूज: पडद्यावरचा आणि खोलीतला

बुधवार, मेम्फिस

ऑक्टोबरच्या मध्यात मी आणि माझा मामेभाऊ नॅशव्हिलहून सकाळी निघालो आणि जेवायच्या वेळेला मेम्फिसला पोचलो. दादा गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे. त्याला ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचं वेड, मला सिनेमाचं. आमच्यात एक जुना वाद आहे. तो म्हणतो, ब्लूज सिनेमात कधी उतरलाच नाही, उतरला तो फक्त त्याचा वेश. माझं म्हणणं, उतरलाय, पण कुठे पाहायचं ते ठाऊक हवं. हा वाद मिसिसिपी डेल्टामध्ये जाऊनच घालायचा, एवढं ठरवून आम्ही निघालो होतो.

बील स्ट्रीट संध्याकाळी निऑन दिव्यांनी झगमगतो. दारादारातून गिटारचे आवाज एकमेकांवर आदळत असतात. गर्दी पर्यटकांचीच जास्त. तरी रस्त्यालगतच्या बागेत डब्ल्यू. सी. हँडीचा पुतळा आहे, तिथे आम्ही बराच वेळ बसलो. लोकांच्या तोंडचं हे गाणं कागदावर उतरवून छापणाऱ्या पहिल्या काही माणसांतला हा एक. १९१४ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या ‘सेंट लुईस ब्लूज’वरून त्याच नावाचे चित्रपट निघाले आणि आमच्या वादाची दोन्ही टोकं त्यांतल्या दोनांतच सापडतात.

पहिला १९२९ चा, जेमतेम पंधरा-सोळा मिनिटांचा. त्यात बेसी स्मिथ आहे. पडद्यावर ती एवढी एकदाच दिसली. प्रियकर तिला लाथाडून जातो, ती जमिनीवर पडून गायला लागते. पुढच्या दृश्यात ती दारूच्या गुत्त्यात काउंटरला टेकून तेच गाणं गाते, आणि हळूहळू अख्खा गुत्ता तिच्या ओळींना उत्तर द्यायला लागतो. चित्रीकरण न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं, कथा अगदी बेताची, कृष्णवर्णीय माणसांचं चित्रण त्या काळच्या साच्यातलं. तरीही ती उत्तरं ऐकताना अंगावर काटा येतो. दुसरा १९५८ चा, नॅट किंग कोल हँडीच्या भूमिकेत. तिथे शेवटी सिम्फनी ऑर्केस्ट्रा हेच गाणं वाजवतो तेव्हा कुठे हँडीच्या धर्मोपदेशक वडिलांना ते पटतं. ब्लूजला मान मिळायला सुटाबुटातला वाद्यवृंद लागावा, हे मला आजही खुपतं.

जेवण मेम्फिस पद्धतीच्या रिब्जचं, सॉस न लावता कोरडा मसाला चोळून भाजलेल्या. शाकाहारी मंडळींनी इथून पुढे सावध राहावं. डेल्टात पालेभाजी मागितली तरी ती डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसोबत शिजवलेली असते. ऑर्डर देण्याआधी विचारायचं, लोक आनंदाने सांगतात. तळलेली भेंडी, मक्याचा ब्रेड आणि पेकन पाय यांवर छान निभावतं.

गुरुवार, हायवे ६१ आणि क्लार्क्सडेल

मेम्फिस सोडलं की थोड्याच वेळात जमीन एकदम सपाट होते. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या गाळाचा हा प्रदेश, नजर पोचेल तिथवर काळी माती. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र शेतं, आणि कडेला गुलाबी-पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे माणसापेक्षा उंच गठ्ठे. वेचायला माणूस एकही दिसत नाही, सगळं यंत्रांवर. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात १९४४ साली यंत्राने पूर्ण पीक काढून दाखवलं आणि मग शेतांवरच्या हातांची गरज झपाट्याने संपत गेली. लाखो माणसं शिकागोकडे निघाली. ब्लूजही त्यांच्याबरोबर गेला आणि तिथे त्याने विजेची गिटार धरली.

क्लार्क्सडेलमध्ये ६१ आणि ४९ हे रस्ते मिळायचे त्या चौकात खांबावर तीन निळ्या गिटारी लावल्या आहेत. फोटो काढणाऱ्यांची रांगच असते. इथेच म्हणे ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने मध्यरात्री सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारवरची हुकूमत मागितली. मुळात ही कथा टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाची, त्याच्या भावाने सांगितलेली. ती पुढे रॉबर्टला चिकटली. रॉबर्ट खरंच अचानक इतका तयार कसा झाला, याचं उत्तर हेझलहर्स्टच्या परिसरात सापडतं. आयक झिमरमन नावाच्या वादकाच्या घरी तो राहिला, शिकला. रात्री कुणाची झोपमोड नको म्हणून दोघं स्मशानात बसून रियाज करायचे.

सिनेमाने या गुरूला बाजूला ठेवलं आणि सैतानाला जवळ केलं. १९८६ चा ‘क्रॉसरोड्स’ आमच्या दोघांच्याही कॉलेजच्या दिवसांतला लाडका. राल्फ माचिओ हा संगीतशाळेतला मुलगा, जो सेनेका हा म्हातारा विली ब्राउन, आणि राय कूडरचं अप्रतिम स्लाइड गिटारवादन. पण शेवटचा सामना आठवा. सैतानाच्या गिटारवादकाला, म्हणजे स्टीव्ह वायला, मुलगा हरवतो तो पागानिनीच्या रचनेवर बेतलेला तुकडा वाजवून. ज्या ब्लूजसाठी तो एवढा मिसिसिपीपर्यंत आला, तो ऐन निकालाच्या क्षणी कमी पडतो! १९५८ मध्ये जे झालं तेच इथे पुन्हा. त्या चौकात उभं राहून मी दादाला म्हटलं, “या मुद्द्यावर तू जिंकलास.”

चौकाजवळ टमाली खाल्ले. मेक्सिकोचा हा पदार्थ डेल्टात इतका रुजलाय की इथल्या लोकांना तो आपलाच वाटतो. मक्याच्या पिठात मसालेदार मांस, वरून कणसाची सालं गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं. इथे ते वाफवत नाहीत, तिखट पाण्यात शिजवतात. त्यामुळे रस्सा बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतो. सोबत खारी बिस्किटं. मी परत मागून घेतले.

दुपार डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये गेली. १९१८ सालच्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. आत ब्लूज गायक मडी वॉटर्सची लाकडी खोपी आणून ठेवली आहे, स्टोवॉल मळ्यावरची. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ॲलन लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रण करत तिथे पोचला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या या तरुणाने पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. त्या ओंडक्यांच्या भिंतींसमोर आम्ही दोघंही वाद विसरून उभे होतो.

परतताना रिव्हरसाइड हॉटेलपाशी थांबलो. बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. पूर्वी हे कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होतं. २६ सप्टेंबर १९३७ ला हायवे ६१ वरच्या अपघातानंतर बेसी स्मिथने इथेच प्राण सोडला. आदल्या रात्री लॅपटॉपवर तिला गुत्त्यात गाताना पाहिलं होतं. त्या विटांकडे बघवेना.

गाडी भाड्याने घेतल्याशिवाय डेल्टा बघता येत नाही, गावागावांत बस नाही. संग्रहालयं आठवड्याच्या मधल्या दिवसांत उरका. रविवारी बरंच काही बंद असतं आणि संगीत मुख्यतः शुक्रवार-शनिवारी रात्रीच.

शुक्रवार, टटवायलर ते इंडियनोला

टटवायलर हे रिकामं वाटणारं गाव. १९०३ च्या सुमारास हँडी इथल्या स्टेशनवर गाडीची वाट बघत पेंगला होता. जाग आली तेव्हा शेजारी एक फाटक्या कपड्यातला माणूस गिटारच्या तारांवर सुरी फिरवत गात होता. हँडीने आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात विलक्षण संगीत ते. स्टेशन आता नाही. भिंतीवर त्या प्रसंगाचं चित्र आहे. गाणाऱ्याचं नाव इतिहासाला ठाऊक नाही.

पुढे ४९ च्या पश्चिम फाट्यावर पार्चमनचा तुरुंग लागतो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. नुसतं फाटक बघत पुढे गेलो, पण गाडीत मी ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’चं सुरुवातीचं गाणं लावलं. कोएन बंधूंच्या या २००० सालच्या सिनेमाची कथा १९३७ च्या मिसिसिपीत घडते. त्यात साखळदंडातले कैदी कुदळी मारताना जे गाणं ऐकू येतं, ते १९५९ मध्ये लोमॅक्सने याच तुरुंगाच्या लॅम्बर्टजवळच्या कॅम्प बी मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं आहे. लाकडं फोडणारे खरे कैदी, कुऱ्हाडींचा खरा ठेका. पुढचा आवाज जेम्स कार्टर या कैद्याचा. चार दशकांनी ते गाणं सिनेमात गेलं, ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपली. मग शोधाशोध करून कार्टरला शिकागोत गाठलं गेलं आणि सुमारे वीस हजार डॉलरचा धनादेश त्याच्या हातात ठेवला. २००२ च्या ग्रॅमी सोहळ्याला तो कुटुंबासह गेला. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, वारला.

या सिनेमाबद्दल दादा कधीच भांडत नाही. त्यात टॉमी जॉन्सन आहे, सैतान आहे, सगळी दंतकथा आहे. पण रात्री शेकोटीजवळ ख्रिस थॉमस किंग गिटार घेऊन स्किप जेम्सचं गाणं म्हणतो, बाकीचे तिघं आपापल्या विचारात बुडून ऐकतात आणि कॅमेरा काहीही सिद्ध करायला जात नाही. खिडकीबाहेर अजून हिरवी झाडं बघताना आणखी एक आठवलं. चित्रीकरण उन्हाळ्यात झालं होतं आणि मिसिसिपी तेव्हा हिरवीकंच असते. छायालेखक रॉजर डीकिन्सने तो सगळा हिरवा रंग संगणकावर पिवळा, धुळकट करून टाकला. सिनेमा बघून आलेल्यांना म्हणूनच डेल्टा इतका हिरवा असतो याचं नवल वाटतं.

रूलव्हिलला फॅनी लू हेमर या नागरी हक्कांच्या लढवय्यीच्या समाधीवर डोकं टेकवलं. याच गावातल्या चित्रफितीच्या एका तुकड्याने ब्लूजवेड्यांना चांगलंच हादरवलं होतं. रॉबर्ट जॉन्सन २७ व्या वर्षी, ऑगस्ट १९३८ मध्ये गेला. २९ गाणी, मोजके फोटो, चलच्चित्र एकही नाही. मग १९९० च्या दशकात रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या तरुणाची मूक चित्रफीत सापडली आणि हाच तो, असं बोललं जाऊ लागलं. नीट पाहिलं तर मागे थिएटरवर सिनेमाची जाहिरात होती: ‘ब्लूज इन द नाइट’. तो सिनेमा १९४१ चा. रॉबर्ट जाऊन तोवर तीन वर्षं झाली होती. थिएटर कुठे होतं ते आम्ही विचारत फिरलो. एका दुकानदार आजोबांनी हाताने रस्त्याच्या टोकाकडे दाखवलं आणि आम्हाला थंडगार गोड चहा पाजला.

डॉकरी फार्म्स हायवे ८ वर, रूलव्हिल आणि क्लीव्हलंडच्या मध्ये. १८९५ मध्ये वसवलेला मळा. चार्ली पॅटन इथे वाढला, वाजवायला लागला, आणि त्याच्याकडून पुढची पिढी शिकली. लाकडी कोठारं अजून उभी आहेत. फोनवर पॅटन लावला. त्याचा एकच फोटो जगाला माहीत आहे, आवाज मात्र खरखरीत ध्वनिमुद्रिकांमधून अजून अंगावर येतो.

इंडियनोलाचं बी. बी. किंग संग्रहालय २००८ मध्ये, तो हयात असतानाच उघडलं. कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये त्याने कामं केली, तिच्या विटांच्या इमारतीला जोडूनच ते बांधलंय. २०१५ मध्ये त्याला इथेच आणून दफन केलं. किमान दोन तास राखून ठेवा. संध्याकाळी पुन्हा क्लार्क्सडेल.

शनिवार, क्लार्क्सडेल

सकाळी नागरी सभागृहापाशी गेलो. साधी इमारत, पण माझ्यासाठी या प्रवासातलं हे मोठं ठिकाण. रायन कूगलरच्या ‘सिनर्स’ची कथा १९३२ च्या ऑक्टोबरमधल्या क्लार्क्सडेलमध्ये घडते. चित्रीकरण मात्र लुइझियानात झालं. एप्रिल २०२५ मध्ये तो जगभर लागला आणि ज्या गावाची ही गोष्ट त्या गावात थिएटरच नाही! लोकांनी दिग्दर्शकाला जाहीर पत्र लिहिलं. मे महिन्याच्या अखेरीस याच सभागृहात पडदा लावून खेळ झाले, कूगलर स्वतः आला. सकाळी नाश्त्याला भेटलेली, शाळेत शिकवणारी एक बाई सांगत होती, “आम्ही सिनेमात गप्प बसत नाही. त्या दिवशी तर अजिबात बसलो नाही.”

या सिनेमात रक्तपिपासू आहेत, जुळे भाऊ आहेत, बंदुका आहेत. पण त्याचा प्राण एका रात्रीच्या ज्यूक जॉइंटमध्ये आहे. जुन्या करवत-गिरणीत दोघा भावांनी उघडलेला अड्डा, आणि त्यात धर्मोपदेशकाचा मुलगा सॅमी गायला लागतो. गाणं चढत जातं तसे नाचणाऱ्यांमध्ये आफ्रिकेतले पूर्वज येतात, विजेची गिटारवाला येतो, पुढच्या काळातला डीजे येतो, चिनी नाट्यातली नर्तकी येते, आणि छप्पर पेटतं. दादासुद्धा त्या दृश्यावर गप्प झाला होता. चिनी नर्तकी तिथे उगाच नाही. डेल्टात कृष्णवर्णीय वस्त्यांमधली किराणा दुकानं पुष्कळदा चिनी कुटुंबांची असत, आणि सिनेमातही असं एक जोडपं आहे.

रात्री रेड्स लाउंजला गेलो, सनफ्लॉवर नदीच्या काठी. मालक रेड पेडन २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले. बुटकं छत, लाल दिवे, व्यासपीठ नाही. वादक जमिनीवर, आपल्यापासून चार पावलांवर. सत्तरी ओलांडलेला गिटारवाला आणि त्याच्या नातवाच्या वयाचा ड्रमर. पहिली दोन-तीन गाणी मी मैफिलीत बसावं तशी निमूट ऐकली. शेजारी जांभळ्या टोपीतल्या एक आजी होत्या. त्या प्रत्येक ओळीनंतर काहीतरी म्हणायच्या, कधी “सांग, सांग”, कधी नुसता हुंकार. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाळा, तू अशी गप्प बसलीस तर त्याला कळणार कसं तू इथे आहेस?”

मला उलगडा झाला तो इथे. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, तेवढ्यात खोली तिला उत्तर देते आणि तिसरी ओळ त्या उत्तरातून येते. एखाद्या आजींनी हसून दाद दिली तर तो शब्द बदलतो, नाचणारं जोडपं रंगात आलं तर तो गाणं संपवतच नाही. चौकात एकट्या उभ्या असलेल्या माणसाचं हे संगीत नव्हेच. दुःख एकट्याचं असेल, गाणं मात्र शनिवारी रात्री, आठवडाभर राबलेल्या माणसांच्या गर्दीत घडतं. बेसीच्या गुत्त्यात खोली उत्तर देते, ‘सिनर्स’मध्ये खोलीच पेटते. म्हणून ते दोन्ही सिनेमे खरे वाटतात. सैतानाचा सौदा दाखवणाऱ्यांनी एकटा माणूस पाहिला आणि खोली बाहेर ठेवली. नंतर मीही आजींबरोबर ओरडले, त्यांनी हात धरून मला नाचवलं. दादाने कधी नव्हे ते नाचून घेतलं.

रोख पैसे बरोबर ठेवा, दारात प्रवेशशुल्क तसंच घेतात. वादकांच्या बादलीत वेगळे टाका. फोटोआधी विचारा. आणि ही भट्टी सिनेमाच्या पडद्यावर अनुभवायची तर लोमॅक्सने जॉन बिशप आणि वर्थ लाँग यांच्यासोबत केलेला ‘द लँड व्हेअर द ब्लूज बिगॅन’ हा १९७९ चा माहितीपट बघा, फोकस्ट्रीम्स या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात ओसरीवरची गाणी आहेत, कामाची गाणी आहेत, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यांनाही तितकाच वेळ देतो.

रविवार, ग्रीनवुड

ग्रीनवुडच्या उत्तरेला मनी रोडवर लिटल झायन चर्च आहे. रॉबर्ट जॉन्सनच्या तीन मानल्या गेलेल्या कबरींपैकी ही एक. झाडाखालच्या दगडावर लोकांनी नाणी, गिटारच्या पिक्स, छोट्या बाटल्या ठेवलेल्या. आतून प्रार्थनेची गाणी ऐकू येत होती, आणि तिथेही तेच: एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.

तोच रस्ता पुढे मनी गावाला जातो. १९५५ मध्ये एमेट टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा ज्या दुकानात गेला आणि ज्यामुळे त्याला ठार मारण्यात आलं, त्या दुकानाच्या वेलींनी गिळलेल्या भिंती तिथे आहेत. रॉबर्टच्या दगडाशी फोटो काढून मागे फिरू नका, थोडं पुढे इथवर या. ज्या भूमीत हे घडलं, तिथल्याच माणसांनी शनिवारच्या रात्री राखून ठेवल्या होत्या.

मोटेल एका गुजराती जोडप्याचं निघालं, मूळ नवसारीकडचं. बोलता बोलता मी ‘मिसिसिपी मसाला’चं नाव काढलं आणि काका उठून बसले. मीरा नायरच्या १९९१ च्या या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण ग्रीनवुडमध्ये झालंय. युगांडातून हाकलल्या गेलेल्या कुटुंबातली मीना आणि इथला कृष्णवर्णीय तरुण डिमेट्रियस यांची ती प्रेमकथा. काकूंनी ढोकळा आणला, काकांनी ऑफिसमधल्या टीव्हीवर सिनेमा लावला. मोहन आगाशे दिसले आणि पाठोपाठ पोंटियॅक नावाच्या भूमिकेत मोहन गोखले. त्या पोंटियॅकला बघून मी आणि दादा दोघंही मराठीत ओरडलो. काकूंना वाटलं काहीतरी झालं. मिसिसिपीतल्या मोटेलवाल्यांच्या कथेत आपल्या रंगभूमीवरचे दोन मोहन, ते मी साफ विसरले होते.

मग डिमेट्रियसचे वडील आले आणि दादाने रिमोट घेऊन चित्र थांबवलं. “हा विली ब्राउन!” खरंच, जो सेनेका. ‘क्रॉसरोड्स’मध्ये ज्याने सैतानाला आत्मा विकला होता, तोच इथे विलिबेन होऊन मुलांमध्ये, नातेवाइकांमध्ये बसला होता. घरचे जेवतायत, मीनाला भारत-आफ्रिकेबद्दल प्रश्न विचारतायत, एकमेकांची वाक्यं तोडतायत. त्याच्या आजूबाजूला भरलेलं घर आहे आणि तो किती मोकळा हसतो! काका म्हणाले, “आमच्याकडेही पाहुणा आला की असंच होतं,” आणि दादाने बटण दाबून सिनेमा पुढे चालू केला.

ग्रीनवुडहून मेम्फिस आणि पुढे शिकागोला अॅमट्रॅकची सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स जाते. गाडी चालवायची नसेल तर निदान तो टप्पा आगगाडीने करा. ब्लूज खरोखर उतरलेल्या सिनेमांच्या आमच्या यादीतून दादा आता ‘सिनर्स’ वगळू देत नाही आणि पुढच्या खेपेला बेंटोनियाचं ब्लू फ्रंट कॅफे त्याने पक्कं केलंय, १९४८ पासून चालू असलेलं. शनिवार बघूनच जायचं.